प्रोजेक्ट लेट झालाय, माणसं वाढवायची की स्कोप (म्हणजे करायचं ठरलेलं काम) कमी करायचा?

हिंजवडीत आयटीत काम करणाऱ्या बहुतेकांनी हे बघितलंय, रिलीज तोंडावर आलं की बेंचवरची (हातात प्रोजेक्ट नसलेली) अजून पाच जणं टीममध्ये टाकतात. वाटतं काम पटापट होईल पण होतं उलटंच, कारण नवीन लोकांना कोड समजावायला जुनेच बसतात, म्हणजे जे काम पुढे नेत होते तेच थांबतात. शिवाय ५ जणांत आपसात बोलायच्या जोड्या १० होतात, १० जण झाले की थेट ४५, मग अख्खा दिवस कॉलवर. माणसं घ्यायचीच तर सुरुवातीला घ्या.

स्कोप कमी करायचा म्हणजे क्लायंटला सांगायला जिवावर येतं, हे खरंय. पण लवकर सांगितलं तर बरेचदा ऐकतात. आमच्या एका प्रोजेक्टमध्ये रिपोर्टचे बारा स्क्रीन होते, नीट विचारल्यावर कळलं रोज लागणारे तीनच, बाकीचे पुढच्या रिलीजला ढकलले आणि पोरं शनिवार-रविवार घरी राहिली. फक्त टेस्टिंग कापून त्याला स्कोप कमी केला म्हणू नका प्लीज, ते बग नंतर प्रोडक्शनमध्ये, म्हणजे लोक खरोखर वापरायला लागल्यावर निघतात आणि तेव्हा दुप्पट त्रास होतो. मी तरी आधी स्कोपच बघते, आणि तेही शेवटच्या आठवड्यात नाही, पहिली तारीख चुकली की लगेच.