व्हिट्रिया १६०: काचेवर सतत प्रयोग करणाऱ्यांच्या कामाचा रंग

काचेवर शाई आणि रंग एकत्र वापरताना दिसणं ही अडचण नसते, टिकणं ही असते. काच काहीच शोषत नाही, त्यामुळे जे लावाल ते नुसतं वर बसून राहतं. पेबेओ या फ्रेंच रंग कंपनीचा व्हिट्रिया १६० हा पाण्यात विरघळणारा रंग ओव्हनमध्ये भाजून पक्का होतो, म्हणून नेहमी काम करणाऱ्यांनी पाया म्हणून हाच घ्यावा. ४५ मिलिलिटरच्या बाटल्या मिळतात, चकचकीत आणि दुधी अशा दोन प्रकारांत. रंग एकमेकांत मिसळतात, तेव्हा सुरुवातीला पिवळा, किरमिजी, निळा, काळा आणि पांढरा एवढे पुरतात.

रंग चांगला असला तरी काच नीट पुसलेली नसेल तर उपयोग नाही. बोटाचा तेलकट ठसा राहिला की रंग तिथून आखडतो आणि गोल डोळे पडतात. साबणाने धुवून वर आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवा आणि पुढे काच फक्त कडेने धरा.

थर पातळ हवा. जाड थर वरून सुकतो, आत ओला राहतो आणि ओव्हनमध्ये फुगतो. लावल्यावर २४ तास वाळू द्यायचा. ही अट कंटाळवाणी आहे, पण बुडबुडे बहुतेक वेळा इथली घाई केल्यानेच येतात. मग काच थंड ओव्हनमध्ये ठेवून ओव्हन सुरू करा, तापमान १६० अंश सेल्सिअसवर पोचल्यावर ४० मिनिटं मोजा, बंद करा आणि आतच गार होऊ द्या. तापलेल्या ओव्हनमध्ये थंड काच घातली की तडकते. घरगुती ओव्हनची तबकडी फसवी असते, आतला थर्मामीटर घेणं शहाणपणाचं. कमी भाजलं तर धुताना रंग निघतो, जास्त भाजलं तर पांढरा आणि फिकट रंग तपकिरी पडतात. पेल्याच्या आतून किंवा ओठ लागतात त्या कडेला मात्र लावू नका.

खरी मजा ओल्या थरात आहे. पातळ केलेल्या ओल्या रंगावर ड्रॉपरने अल्कोहोलचा एक थेंब टाकला की रंग बाजूला पळतो आणि कड्यांचं वर्तुळ उरतं, कारण अल्कोहोलचा पृष्ठताण पाण्याहून कमी असतो. थर जवळजवळ सुकला असेल तर हे घडत नाही, फक्त डाग पडतो. अर्धवट सुकलेल्या रंगात सुईने रेघा ओढा, पारदर्शक काच उघडी पडते. पूर्ण सुकल्यावर ओढल्या तर कडा तुटक येतात.

अल्कोहोल इंक, म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळवलेली शाई, इथे पूरक म्हणून ठेवा. तिचे रंग बहुतेक डाय (द्रवात पूर्ण विरघळणारे रंग) असतात, उन्हात फिके पडतात, आणि वर पुन्हा अल्कोहोल लागलं की विरघळतात. म्हणून क्रम असा: पुढच्या बाजूला व्हिट्रिया, तो भाजून घ्या, मग मागच्या बाजूला अल्कोहोल इंक. काचेची जाडी ३-४ मिलिमीटर असली की दोन्ही थरांत अंतर दिसतं आणि पुढच्या रेषांची सावली मागच्या रंगावर पडते. इंक पसरवायला ९१ टक्के किंवा त्याहून शुद्ध अल्कोहोल घ्या. ७० टक्क्यांच्यात पाणी जास्त असल्याने वाळायला वेळ लागतो आणि कडा मळकट होतात. वॉर्निश ब्रशने लावलं तर शाई ओढली जाते. स्प्रेचे अगदी हलके थर द्या आणि प्रत्येक थर वाळू द्या. अल्कोहोल पेट घेतं, तेव्हा खिडकी उघडी आणि ज्योत दूर.

काळ्या इंडिया इंकशी (काजळीपासून केलेल्या रेखाटनाच्या शाईशी) गुळगुळीत काचेचं जमत नाही. रेघ थेंबांत तुटते आणि वाळल्यावर पापुद्रे निघतात. जिथे रेघा हव्यात तेवढाच भाग ४०० नंबरच्या वॉटर पेपरने ओला ठेवून घासा (मास्क घालून), मग निब पकड घेते. वॉर्निशही त्याच भागापुरतं लावा, पण लावल्यावर घासलेली काच पुन्हा पारदर्शक दिसू लागते. धुसरपणा हवाच असेल तर घासण्याऐवजी दुधी व्हिट्रियाचा थर द्या, भाजून घ्या आणि रेघा त्यावर ओढून पाहा.