'ओएलईडी' म्हणून घेतलेला स्लिम पॅनेल: सात महिन्यांनंतर

डब्यावर छापलंय 'नवं ओएलईडी तंत्रज्ञान'. सातव्या महिन्यात छतातला हा १५ वॉटचा दिव्याचा पॅनेल लुकलुकायला लागला म्हणून मागचे स्क्रू काढले, तर आत ॲल्युमिनियमच्या कडेला चिकटवलेली साधी एलईडीची पट्टी! एलईडी २८३५, म्हणजे २.८ × ३.५ मिमीचे. त्यांचा प्रकाश पारदर्शक प्लॅस्टिकच्या पाटीत कडेने शिरतो आणि पाटीवरच्या बारीक ठिपक्यांवर विखुरून बाहेर येतो. मागे पांढरा रिफ्लेक्टर, पुढे दुधी डिफ्यूझर. लॅपटॉपच्या पडद्यामागे वर्षानुवर्षं हीच रचना आहे.

ओएलईडीत सेंद्रिय पदार्थाचा मायक्रॉनहूनही पातळ थर स्वतःच उजळतो, कडेला दिवे लागतच नाहीत. आणि तेही 'नवं' कुठलं? कोडॅकच्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांचा शोधनिबंध १९८७चा आहे.

दुकानात न उघडता ओळखायचं असेल तर पॅनेल पंधरा मिनिटं लावून ठेवायला सांगा आणि हात लावून बघा. कड गरम, मधला भाग गार, म्हणजे दिवे कडेलाच. ओएलईडीत उष्णता सगळ्या पृष्ठभागावर पसरते.

पॅनेल उघडेपर्यंत एक तारा द्यायचा विचार होता. आता तीन देतो, कारण बिघाड पॅनेलचा नव्हताच. एलईडी शाबूत होते, पाटी कडेलाही पिवळी पडली नव्हती. (स्वस्त पॅनेलमध्ये पॉलिस्टायरीनची पाटी असते, ती उष्णतेने पिवळी पडते. ॲक्रिलिक टिकतं.) फुगला होता तो ड्रायव्हरमधला, म्हणजे घरची वीज एलईडीला चालेल अशी करून देणाऱ्या डबीतला, कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग). ड्रायव्हर छतातल्या बंद पोकळीत पॅनेलच्या पाठीवरच टेकवलेला होता. अशा इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं.

ड्रायव्हर बदलताना आधी मेन स्विच बंद करा. जुन्याच्या लेबलवरचे मिलिअँपिअर (विजेच्या प्रवाहाचा आकडा) तंतोतंत जुळवा; माझ्याकडच्यावर ३०० होते. जास्तीचा लावला तर एलईडी जळतात, आणि साखळीतला एक तुटला की अख्खी ओळ अंधारते. व्होल्टेजचा पल्लाही जुना होता तोच बसला पाहिजे. नवा ड्रायव्हर पॅनेलपासून वीतभर दूर ठेवा.

ज्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर-नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, नाही तो ड्रायव्हर घेऊ नका. नंबर असला तरी बीआयएस केअर ॲपवर टाकून कंपनीचं नाव जुळतंय का ते बघा. या डब्यावर 'ओएलईडी' तीनदा छापलं होतं, आर-नंबर एकदाही नाही.