व्हॅनमधला डिझेल हीटर सारखा बंद पडतोय: साफ करावा, भाग बदलावेत की नवाच घ्यावा?

"हीटर पेटतो, दहा मिनिटं छान गरम हवा येते आणि मग बंद. आता नवाच घेऊन टाकू का?" इंग्लंडमध्ये व्हॅन घेऊन फिरणाऱ्या मराठी मंडळींकडून हिवाळा लागला की हा प्रश्न हमखास येतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. खिशात हात घालण्याआधी तो नेमका कधी बंद पडतो ते बघा. पेटता पेटताच? पेटल्यावर थोड्या वेळाने? की रात्रभर नीट चालून पहाटे? साफसफाई, सुटे भाग की नवा हीटर, याचा निम्मा निर्णय एवढ्यावरच होतो.

हे मी पैसे घालवून शिकलो आहे. आमच्या व्हॅनमध्ये पाच किलोवॉटचा चिनी हीटर मी स्वतः बसवला होता. जानेवारीत स्कॉटलंडला अ‍ॅव्हीमोरजवळ मुक्काम होता, बाहेर शून्याच्या खाली सात, आत बायको आणि आठ वर्षांचा मुलगा झोपलेले, आणि पहाटे तीनला पंपाची टकटक थांबली. परत आल्यावर मी तसाच दुसरा हीटर मागवला आणि जुन्याच्या जागी, त्याच वायरींवर, त्याच नळीला जोडला. चौथ्या रात्री तोही बंद पडला. मग मात्र मल्टिमीटर काढला, आणि बिघाड हीटरमध्ये नव्हताच हे कळलं. म्हणून हीटर आणि त्याची बसवणी या दोन गोष्टी वेगळ्या धरा. नवा हीटर घेतला तरी बसवणी जुनीच राहते.

घरात रॉकेलचा स्टोव्ह पाहिलेल्यांना हे यंत्र लवकर कळेल. तेल आणि हवेचा मेळ बसला की ज्योत निळी. हवा कमी पडली की पिवळी, आणि पातेल्याच्या बुडाला काजळी. हीटरमध्ये ज्योत बंद नळकांड्यात असते, म्हणून ती आपल्याला दिसत नाही. ग्लो प्लग (विजेवर तापणारी छोटी कांडी) लाल होतो, छोटा पंप थेंब थेंब डिझेल ढकलतो, पंखा हवा पुरवतो, आणि ज्योत लागली की नाही हे तापमानाचा सेन्सर सांगतो. तेल, हवा आणि वीज यांतलं काहीही कमी पडलं की कंट्रोलर सगळं बंद करतो. म्हणजे बंद पडणं ही बहुतेक वेळा सुरक्षेची सोय असते.

पेटतानाच बंद पडत असेल तर आधी वीज बघा. ग्लो प्लग आठ ते दहा अँपिअर ओढतो, आणि तेही पहिली काही मिनिटंच. पेटल्यावर हीटरला फारसं काही लागत नाही, म्हणून दिवसा चालणारा हीटर पहाटे थंड बॅटरीवर रुसतो. मापायचं असेल तर बॅटरीवर न मापता हीटरला तार जिथे जोडली आहे तिथे मापा, आणि तेही ग्लो प्लग चालू असताना. माझ्याकडे बॅटरीवर १२.५ व्होल्ट होते आणि हीटरच्या जोडापाशी १०.८. हिशेब साधा आहे. बॅटरी चार मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन आठ मीटर तार होते. अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेत दहा अँपिअरला अर्ध्या व्होल्टहून थोडं जास्त गळतं, सहाच्या तारेत पाव व्होल्टहून कमी. माझं बाकीचं नुकसान फ्यूजच्या खोक्यात होतं. हीटरसोबत आलेल्या फ्यूजच्या पात्यांवर हिरवट गंज चढला होता, आणि हात लावला तर खोकं कोमट लागत होतं. तार बदलली, चांगला फ्यूजहोल्डर लावला, तारांच्या टोकांचे लग (धातूचे जोड) नीट दाबून घेतले. तीसेक पौंड आणि एक दुपार. त्यानंतर 'खराब' म्हणून काढून ठेवलेला पहिला हीटरही पहिल्या फटक्यात पेटला.

इथे नवा हीटर घेणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. जर्मन घेतला तरी बारीक तारेवर तोही पेटायला कुरकुरेलच.

पेटल्यावर पाच-दहा मिनिटांत ज्योत विझत असेल, म्हणजे बऱ्याच चिनी कंट्रोलरवर दिसतो तो बिघाडाचा कोड ई-०८, तर संशय तेलाच्या वाटेवर घ्या. (कोडचे आकडे कंट्रोलरनुसार बदलतात, आपल्या पुस्तिकेशी ताडून बघा.) स्वस्त हीटरसोबत येणारी हिरवट मऊ नळी ही बसवणीतली सर्वांत कच्ची जागा. ती जोडापाशी फुगते, हवा खेचते. रात्री टॉर्च घेऊन नळीपाशी बसा आणि पंपाच्या प्रत्येक ठोक्याला आत काय सरकतं ते बघा. तेलाची सलग रेघ हवी. तांदळाच्या दाण्याएवढे बुडबुडे एकामागून एक जात असतील तर प्रत्येक बुडबुडा हीटरपाशी पोचला की ज्योतीला घास चुकतो. आतून दोन मिलिमीटर पोकळीची कडक पांढरी नायलॉनची नळी घाला. रबरी जोडात नळ्यांची तोंडं एकमेकांना भिडली पाहिजेत, मध्ये पोकळी राहिली की हवा तिथेच साठते. पंप आडवा बसवू नका. तेल बाहेर पडतं ते तोंड वर असेल असा तिरका बसवा, म्हणजे हवा आपोआप पुढे निघून जाते.

पंपावरच संशय असेल तर बदलण्याआधी मोजा. पंपावर बऱ्याचदा २२ मिली असं छापलेलं असतं, म्हणजे हजार ठोक्यांना २२ मिली. हीटरपाशी नळी काढून औषधाच्या मापात दोनशे ठोके घ्या. साडेचार मिलीच्या जवळपास आलं तर पंप निर्दोष आहे. तीनच आलं तर आधी फिल्टर बदला, मग पुन्हा मोजा, आणि तरीही कमीच आलं तर पंप घ्या.

थंडीत आणखी एक गोष्ट सुटते. ब्रिटनमध्ये नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत पेट्रोल पंपावर हिवाळी डिझेल मिळतं, ते उणे १५ अंशांपर्यंत फिल्टरमधून जावं असं प्रमाण आहे. उन्हाळ्यातल्या डिझेलला ही हमी उणे पाचपर्यंतच. हीटरची वेगळी टाकी सप्टेंबरात भरून ठेवली आणि जानेवारीत वर डोंगरात गेलात, तर मेण धरून फिल्टर तुंबतो. तेल बदललं की हीटर बरा.

आता काजळी. साफसफाई की नवा, हा प्रश्न खरा इथेच उभा राहतो.

काजळीची लक्षणं ओळखू येतात. पेटायला दरवेळी थोडा जास्त वेळ लागतो, एक्झॉस्टमधून पांढरा धूर रेंगाळतो, आणि मग एक दिवस दोन प्रयत्नांनंतर पेटतच नाही. हीटर सतत मंद आचेवर चालवला की हे होतं, आणि लहान व्हॅनमध्ये पाच किलोवॉटचा हीटर नेहमी मंदच चालतो, कारण जागा पटकन तापते. बंद करताना मेन स्विच ओढणं हेही तितकंच वाईट. कंट्रोलरवरून बंद केलं की पंप थांबतो, पण पंखा काही मिनिटं फिरून आतली उष्णता आणि उरलेला धूर बाहेर काढतो. ते पूर्ण होऊ द्या.

साफ करायचा पहिला मार्ग हीटर न उघडण्याचा. वेगळी टाकी असेल तर तिच्यात रॉकेल घालून पूर्ण आचेवर अर्धा-पाऊण तास चालवा. डिझेलपेक्षा ते स्वच्छ जळतं आणि मऊ काजळी पुष्कळशी निघते. तेल गाडीच्या इंजिनाच्या टाकीतूनच घेतलं असेल तर हा प्रयोग करू नका. काजळी थोडी असेल तर एवढंच पुरतं.

दुसरा मार्ग उघडण्याचा. मी तो एका शनिवारी स्वयंपाकघराच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून केला. वरचं प्लास्टिकचं कवच निघालं, ग्लो प्लग पान्याने सुटला, आणि त्याच्या भोकात चिमटा घालून आतली जाळी ओढली. करंगळीच्या पेराएवढी ही जाळी, तिच्यावर तेल पसरतं आणि वाफ होऊन पेटतं. माझी इतकी कोळशाने भरलेली होती की दिव्यासमोर धरली तरी आरपार काही दिसेना. नवी समोर धरली तर तारांमधून खिडकी दिसत होती. स्टोव्हच्या निपलला पिन मारायचो, त्यातलाच हा प्रकार, फक्त पिन मारून ही जाळी सुधारत नाही, बदलावीच लागते. नवी तळापर्यंत सरळ बसली पाहिजे. ज्वलनकक्षातली काजळी पितळी ब्रशने खरवडा, व्हॅक्यूमने ओढा, आणि गॅस्केट (जोडातली सीलची पट्टी) मात्र जुनी परत घालू नका.

ग्लो प्लग, जाळी आणि गॅस्केट यांचा संच चिनी हीटरसाठी वीसेक पौंडांत मिळतो. नवा चिनी हीटर साधारण १०० ते १५०. फरक मोठा नाही, त्यामुळे पुष्कळजण म्हणतात, अर्धा दिवस हात काळे कशाला करा? वेळ नसेल तर तो विचार चुकीचा नाही. पण हीटर दोन-तीन हिवाळेच चाललेला असेल आणि पंख्याचा आवाज सरळ असेल, तर मी उघडूनच बघेन. त्यातून काजळी का धरली हेही कळतं, आणि ते कळल्याशिवाय नवाही तसाच काळा होणार. पंख्याची बेअरिंग घरघरत असेल, मदरबोर्डावर पाणी गेलेलं असेल, तर मात्र नवा घ्या. सुटा बोर्ड, सुटा पंखा आणि संच यांची बेरीज केली तर हीटरची किंमत होते.

एका बाबतीत मी अजिबात तडजोड करत नाही. गरम हवेला धुराचा वास येत असेल, किंवा उघडल्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या कवचाला तडा दिसला, तर दुरुस्ती करू नका. तो हीटर काढून टाका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही. व्हॅनसाठीचा अलार्म, ईएन ५०२९१-२ असं छापलेला, उशीच्या उंचीच्या आसपास हवाच.

तासाभराने, जास्तीत जास्त आचेवर बंद पडणारा हीटर बहुधा अति तापतो. इथे खर्च जवळपास शून्य. गरम हवेची नळी किती वळणं घेते, तोंडासमोर गादी किंवा बॅग आली आहे का, हवा ओढायची बाजू कपाटात कोंडली आहे का, एवढंच बघा. खाली एक्झॉस्टही बघा. त्याचा पाइप मध्ये झुकला असेल तर तिथे पाणी साठतं आणि धुराची वाट अडते. सर्वांत खालच्या जागी बारीक भोक पाडलं की पाणी ठिबकून जातं.

समजा हे सगळं करून नवा घ्यायचंच ठरलं. मग आधी आकार ठरवा. फोर्ड ट्रान्झिटएवढ्या नीट इन्सुलेशन केलेल्या व्हॅनला दोन किलोवॉट पुरतात. तो तासाला साधारण एक दशांश ते पाव लिटर डिझेल खातो आणि ऐन थंडीत मोठ्या आचेवर चालतो, म्हणून काजळी कमी. पाच किलोवॉट मोठ्या मोटारहोमला किंवा बोटीला द्या. चिनी हीटरवर आठ किलोवॉट छापलेलं दिसलं तर त्या आकड्यावर जाऊ नका, आतलं यंत्र बहुतेक पाचचंच असतं.

चिनी आणि जर्मन यांतला फरक मला ज्वलनात फारसा दिसत नाही, जोडसामानात दिसतो. वेबास्टो किंवा एबरश्पेखर हा जर्मन हीटर घेतला तर नळी, क्लॅम्प, तारा, एक्झॉस्टचे जोड हे सगळं पहिल्याच दिवशी वापरण्याजोगं येतं, सुटे भाग वर्षानुवर्षं मिळतात आणि दुरुस्त करणारा माणूस सापडतो. बसवणावळीसकट हजार पौंडांच्या पुढे जातं. मधला मार्ग ऑटोटर्मचा, पूर्वी प्लॅनार नावाने मिळायचा तो. पाच-सहाशेच्या घरात. हाताने काम करायची आवड असेल तर चिनी घ्या, पण सोबतची नळी, क्लॅम्प आणि फ्यूज फेकून चांगले घाला, आणि पन्नास पौंड त्यासाठी बाजूला ठेवा. व्हॅनमध्ये बारा महिने राहणार असाल, किंवा लहान बाळ सोबत असेल, तर मी ऑटोटर्म किंवा जर्मनच सांगेन.

पुण्याहून व्हॅन घेऊन लडाखला जाणाऱ्यांसाठी तराजू वेगळा आहे. लेह साडेतीन हजार मीटरवर, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांश. पंप मात्र पुण्याइतकंच तेल ढकलतो. हवा कमी, तेल तेवढंच, म्हणजे काजळी, आणि दोन-तीन रात्रींत हीटर बंद. एबरश्पेखरच्या नव्या एअरट्रॉनिक मालिकेत उंचीनुसार तेल आपोआप कमी होतं. काही चिनी कंट्रोलरवर उंचीची सोय असते, काहींवर नसते. नसेल तर सेटिंगमध्ये जाऊन पंपाचे ठोके हाताने कमी करावे लागतात. विकत घेताना हे एकच विचारा, बाकी रंग-रिमोट नंतर. तेलाचंही बघा. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं हिवाळी डिझेल आणलं. खालून भरून नेलेलं साधं डिझेल तिथल्या थंडीत गोठतं, मग हीटर कितीही महाग असो.

वापरलेला जर्मन हीटर चिनी नव्याच्या दुप्पट-तिप्पट किमतीत मिळतो, आणि मला तो सौदा आवडतो, एका अटीवर. विकणाऱ्याला आधीच फोनवर सांगा, मी येईपर्यंत पेटवू नका. हीटर हात लावून गार आहे ना ते बघा. मग समोर पेटवायला लावा, धूर किती वेळ येतो ते मोजा, वीस मिनिटं पूर्ण आचेवर चालू द्या, कंट्रोलरवरून बंद करा, पंखा थांबेपर्यंत थांबा आणि लगेच पुन्हा पेटवायला सांगा. दोन्ही वेळा पहिल्या प्रयत्नात पेटला, तर पैसे द्या.