नव्वद की सहासष्ट?

दर उन्हाळ्याच्या तोंडावर कुणाचा तरी फोन येतोच. आई-बाबा येतायत, किंवा नोकरी बदलून अमेरिकेच्या पश्चिमेला निघालोय, गाडीनेच जायचं म्हणतोय. वाटेत जरा गमतीजमती बघत जायचंय, तर आय-९० हा हायवे घेऊ की जुना रूट ६६? आमच्या घरात त्यांची नावं नव्वद आणि सहासष्ट अशीच पडली आहेत. दोन्ही केलेत. २०१८ साली न्यू जर्सीहून सिएटलला बिऱ्हाड हलवलं ते नव्वदने. २०२३च्या ऑक्टोबरात आई-बाबांना घेऊन, शिकागोला गाडी भाड्याने घेऊन, सहासष्ट. शिकागोच्या अलीकडचा रस्ता कुठूनही आलात तरी टोल भरण्यापुरताच, त्यामुळे तो सोडून देतो.

नावाचं वजन सहासष्टकडे आहे, हे कबूल. बाबांनी सांगलीत बसून 'अमेरिकेत काय बघायचं' याची यादी केली होती, त्यात नायगाराच्या खालोखाल हाच होता. १९२६ साली शिकागो ते लॉस एंजेलिस अशा रस्त्याला हा क्रमांक मिळाला, आणि गंमती म्हणाल तर सहासष्टच्या जास्त वेड्या आहेत. ओक्लाहोमात कटूसाजवळ तळ्याच्या काठाला एक भलामोठा निळा देवमासा आहे. एका गृहस्थांनी बायकोला लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून तो बांधला, कारण बाईंना देवमाशांच्या छोट्या मूर्ती जमवायचा नाद होता. ही हकीकत वाचून आईने बाबांकडे नुसतं बघितलं. "त्यांच्याकडे तळं होतं," बाबा म्हणाले.

मग अमरिलोच्या पश्चिमेला कॅडिलॅक रँच. १९७४ साली तीन-चार अवलिया कलाकारांनी दहा कॅडिलॅक गाड्या नाकावर उभ्या करून जमिनीत पुरल्या. येणारा प्रत्येक जण त्यांच्यावर स्प्रेने रंग मारून जातो. थरावर थर चढून आता पत्र्याला पत्र्याची धारच उरलेली नाही. कडा फुगून गोल झाल्या आहेत आणि खाली वाळलेले ओघळ मेणबत्तीसारखे लोंबतात. बाबांनी कौतुकाने एका गाडीच्या बोनेटवर हात ठेवला. आमच्या आधीच्या पोरांचा रंग ओला होता. तळहात गुलाबी झाला, तो टिश्यूने, मग पाण्याने, मग आईच्या खोबरेल तेलाने पुसून झाला. ॲरिझोना आलं तरी नखांच्या कडेला गुलाबी होतंच. आदल्या दिवशी पाऊस झालेला, त्यामुळे परतताना आईची चप्पल शेतातल्या चिखलात रुतून बसली, ती मी ओढून काढली. तरी सांगतो, तो अर्धा तास पैसे वसूल होता.

खाण्यापिण्यातही सहासष्ट पुढे. जुन्या रस्त्याला समांतर आय-४० जातो. त्यावर आपल्या पंजाबी ट्रकवाल्यांची वर्दळ असल्याने मधूनच ढाबा लागतो. ओक्लाहोमात सेअर गावापाशी आम्हाला गरम पराठे आणि आल्याचा चहा मिळाला. आईने चटणीचा डबा बॅगेत परत ठेवला. नव्वदवर, विशेषतः साउथ डकोटात, शाकाहारी माणसाने राइस कुकर आणि मेतकूट सोबत ठेवावं हे बरं.

मग मी नव्वदच्या बाजूने का, तर रस्त्यामुळेच. १९८५ साली सहासष्टचा क्रमांक अधिकृतपणे रद्द झाला. आज सहासष्ट म्हणजे तुकडे: कुठे गावातली मेन स्ट्रीट, कुठे हायवेच्या कडेची सर्व्हिस रोड, कुठे सरळ हायवेच त्याच्या अंगावर घातलेला. त्यातही १९३७च्या आधीचा वेगळा, नंतरचा वेगळा. न्यू मेक्सिकोत आधीचा सँटा फेवरून जातो, नंतरचा थेट अल्बुकर्कीला. फोनमधल्या बाईला यातलं काही कळत नाही. तिला तुम्हाला लवकरात लवकर पोहोचवायचं असतं. दर वीस-पंचवीस मैलांनी एक्झिट घ्यायची, तपकिरी पाटी शोधायची, पाच मैल जुन्या रस्त्याने जायचं, तोवर बाई दहादा 'यू-टर्न घ्या' म्हणणार, की परत हायवे. बायको मांडीवर वळणावळणाची छापील वही घेऊन बसली होती. तिच्या वहीत डावीकडे, बाई म्हणते उजवीकडे, आणि मागून बाबा म्हणतात, सरळ जा, कुणाला तरी विचारू. विचारायला तिथे गवत होतं.

कळस झाला ग्लेनरिओला. टेक्सास आणि न्यू मेक्सिकोच्या सीमेवरचं हे ओसाड गाव: पडकं मोटेल, पंप नसलेला पेट्रोलपंप. फोटो काढले, वही म्हणाली पश्चिमेला चला. गाव संपलं तसं डांबरही संपलं. पुढे सॅन होनपर्यंत नुसती खडी, आणि भाड्याच्या गाडीच्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं, कच्च्या रस्त्यावर नेल्यास विमा लागू नाही. मी गाडी थांबवली. बायको वहीची पानं पुढे-मागे करत होती. "रस्ता गेला कुठे?" आईने विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच फोनमधली बाई आणि मी एका मताचे झालो आणि उलटे फिरलो. त्या तीन दिवसांत आम्ही नवराबायको चारदा भांडलो, चारही वेळा रस्त्यावरून. नव्वदवर एकदाच भांडलो होतो, आणि ते बॅगेवरून.

नव्वदवर हा व्यापच नाही. एकच रस्ता, थेट सिएटलपर्यंत, आणि गमती त्याच्या पदराला बांधल्यासारख्या. साउथ डकोटात एक्झिटचे नंबर मैलांप्रमाणे असतात आणि पश्चिमेला जाताना ते उतरत जातात. ३३२ला मिचेलचा कॉर्न पॅलेस, ज्याच्या भिंतींवरची चित्रं रंगीत मक्याच्या कणसांची असतात आणि वर्षावर्षाला नवी होतात. (पक्षी ती खातात. हरकत नसावी.) मग मिझुरी नदीच्या काठावर, चेंबरलेनच्या विश्रांतिस्थानात, गोधडी पांघरलेल्या आदिवासी स्त्रीचा ५० फुटी पुतळा, मुतारीसाठी थांबलेली माणसं तिच्यापुढे गप्प उभी राहतात. १३१ला बॅडलँड्स राष्ट्रीय उद्यानाचा फाटा आणि काँक्रीटचा अवाढव्य प्रेअरी डॉग (कुत्रा नव्हे, खारीच्या कुळातला प्राणी). १२७ला शीतयुद्धातल्या क्षेपणास्त्रांचं भूमिगत नियंत्रण केंद्र. आधी बुकिंग करा, पण चुकवू नका: खालच्या प्रचंड पोलादी दारावर सैनिकांनी पिझ्झाचा खोका रंगवून लिहिलंय की ३० मिनिटांत जगभर घरपोच, नाहीतर पुढचं फुकट. ११६ला काचेतून खाली डोकावलं की विवरात क्षेपणास्त्र उभं. आणि ११०ला वॉल.

वॉल ड्रग हे मुळात औषधाचं दुकान. १९३१ साली घेतलं, गिऱ्हाईक फिरकेना. १९३६च्या उन्हाळ्यात मालकीणबाईंना सुचलं की रस्त्याने तापून जाणाऱ्यांना बर्फाचं पाणी फुकट द्यावं आणि तशा पाट्या लावाव्यात. आज पाणी फुकटच, कॉफी पाच सेंट, आणि पाट्या शेकडो मैल आधीपासून. जुन्या पुणे-मुंबई रस्त्यावरच्या चिक्कीच्या पाट्या आठवा आणि त्यांना दिवसभर ताणा. आमचा चिरंजीव तेव्हा आठ वर्षांचा. त्याने पाट्या मोजायला घेतल्या आणि सत्तरीला झोपला. पोहोचल्यावर आत भुसा भरलेले प्राणी, डोनट आणि दर थोड्या वेळाने डरकाळी फोडणारा डायनासोर. दर्जा विचाराल तर जत्रेचा. पण मोजणाऱ्या मुलासाठी ते पंढरपूर होतं.

नव्वदचा तोटाही सांगतो. मोंटाना एकटं साडेपाचशे मैल आहे आणि त्यातला बराच भाग तुम्ही आणि आकाश. शिवाय हिवाळ्यात बर्फाच्या वादळात वायोमिंग-डकोटात रस्ता सरळ बंद करतात. पण शेवटी आयडाहोत वॉलेस लागतं. हायवे गावावरून जाणार म्हटल्यावर तिथल्या लोकांनी अख्खी जुनी बाजारपेठ ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत घालून घेतली. नाइलाजाने सरकारने पूल बांधून रस्ता बाजूने नेला आणि १९९१ला नव्वदवरचा शेवटचा सिग्नल निघाला. गावकऱ्यांनी त्या सिग्नलची शवपेटीतून अंत्ययात्रा काढली. चौकात एका मॅनहोलचं झाकण आहे, त्यावर ते विश्वाचं केंद्र असल्याचं कोरलंय. नाही हे कुणी सिद्ध करू शकत नाही, एवढाच पुरावा.

आई-बाबांचा सहासष्टचाच हट्ट असेल तर माझं ऐकून मन मोडू नका. फक्त अख्खा करू नका. व्हेगासला उतरा आणि ॲरिझोनातला तुकडा करा: ॲश फोर्कपासून टोपॉकपर्यंत जवळजवळ १६० मैल जुना रस्ता सलग आहे, बाईला गप्प बसवता येतं. सेलिग्मनला थांबा, ओटमनला गाढवं खिडकीतून तोंड घालतील तेव्हा काचा वर करा. नव्वदने जाणार असाल तर ऑगस्टचा पहिला पंधरवडा टाळा. स्टर्जिसला मोटारसायकलवाल्यांचा मेळा असतो आणि आसपासच्या मोटेलांत त्या दिवसांत बाथटबमध्ये झोपायचेही पैसे घेतील.