चेंबरचा नट, दोन फुटी दांडा आणि दहा किलो तांदूळ: चौदा महिन्यांनंतर

माझी गाडी होंडा सिटी, २०१२ची, पेट्रोल, सेकंड हँड घेतलेली. चौदा महिन्यांपूर्वी एका रविवारी ऑइल बदलायला खाली शिरलो आणि चेंबरचा नट (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीचा, जो काढला की जुनं ऑइल खाली येतं) काही केल्या हलेना. तिथून पुढे पुण्यातल्या बोहरी आळीच्या (हत्यारांचा बाजार) दोन फेऱ्या झाल्या आणि तीन वस्तू घरी आल्या: १७ नंबरची सहा कोनी इम्पॅक्ट गोटी (नटावर टोपीसारखी बसते ती), अर्धा इंची चौकोनाचा ६० सेंटिमीटर लांब ब्रेकर बार (नट सोडवायचा दांडा) आणि २८ ते २१० न्यूटन मीटरचा (हे पिळण्याच्या जोराचं माप) टॉर्क पाना, जो लावलेल्या आकड्याला पोचला की 'कट्' वाजतो. तिन्ही मिळून साडेतीन हजारांच्या आसपास गेले. आतापर्यंत सात वेळा वापरली आहेत. तीनदा माझ्या गाडीवर, बाकी मेहुण्याच्या आणि सोसायटीतल्या गाड्यांवर. दुसऱ्यांच्या गाड्यांचे नंबर वेगळे निघाले, म्हणून दोन गोट्या नंतर आणखी घ्याव्या लागल्या.

आधी तो रविवार. घरात वडिलांच्या काळातला रिंग पाना होता, बारा कोनी. तो लावला, जोर दिला, काही नाही. मग प्रत्येक जण करतो तेच केलं, पान्याला पाइप अडकवला. पाना घसरला, नटाचे दोन कोपरे गोल झाले आणि माझी दोन बोटं सोलली. वर आणखी गंमत म्हणजे पहिली दहा मिनिटं मी तो नट आवळत होतो. उताणं झोपलं की डावं-उजवं डोक्यात उलटं होतं. तेव्हापासून नटाच्या डोक्यावर घड्याळ काढलंय असं समजतो आणि काटे उलटे फिरवतो.

बारा कोनी पाना नटाच्या कोपऱ्यांवर धरतो, सहा कोनी गोटी सपाट बाजूंवर. नट नवा असेल तर दोन्ही चालतात. आवळून बसलेला, अर्धवट गोल झालेला नट असेल तर बारा कोनीला हातच लावू नका. तीन वस्तूंतली एकच घ्यायची म्हटली तर मी ही गोटी घेईन, आणि ती तिघांत सगळ्यात स्वस्त आहे.

दुसऱ्या रविवारी परत बसलो. इंजिन पाच-सात मिनिटं चालवून बंद केलं. सिटीचा चेंबर अॅल्युमिनियमचा, नट लोखंडी. सारख्याच उष्णतेने अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणून कोमट चेंबरमध्ये पकड थोडी सैल होते. कोमट म्हणजे कोमटच, भाजेल इतकं नको, कारण नट सुटला की ते ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत येतं. गोटी हातोडीने हलकेच ठोकून बसवली. नटाच्या डोक्यावर सरळ तीन-चार टोले दिले. मग दांडा लावला, एका हाताने गोटी तिरकी होऊ नये म्हणून दाबून धरली आणि दुसऱ्या हाताने झटका न देता सावकाश ओढत गेलो.

'कट्' असा आवाज आला. पोटात गोळा आला, वाटलं डोकंच तुटून हातात आलं. पण नट सुटला होता.

हिशेब सोपा आहे. वीस सेंटिमीटरच्या पान्यावर तीस किलोचा जोर दिला तर साधारण ६० न्यूटन मीटर मिळतात, साठ सेंटिमीटरच्या दांड्यावर तोच जोर १७५च्या पुढे जातो. सिटीच्या या नटाला आवळायचा आकडा आहे ३९. म्हणजे आधीच्या सर्व्हिसला कुणीतरी तो किती पिळला असेल याची कल्पना करा. गॅरेजचं नाव लिहीत नाही. तिथला पोरगा भला आहे, फक्त 'गळती नको' म्हणून अंगातला सगळा जोर लावतो.

खरा खुलासा नट बाहेर आल्यावर झाला. नटाखालचा जुना वायसर (चपटी गोल चकती) काढलेलाच नव्हता. तो चेपून नटाला असा चिकटला होता की आधी तो नटाचाच भाग वाटला, आणि त्याच्यावर दुसरा चढवलेला. हा वायसर मुद्दाम मऊ अॅल्युमिनियमचा असतो. आवळताना तो दबतो आणि फट भरतो. एकदा दबलेला पुन्हा तसा दबत नाही, ऑइल झिरपतं, मग पुढचा माणूस अजून जोर लावतो. नट आवळताना साधारण निम्मा जोर डोक्याखालच्या घर्षणातच जातो. त्यामुळे अडकलेला नट बहुतेक वेळा आट्यांत नाही, वायसरवर अडकलेला असतो. माझ्या आट्यांत थोडा चंदेरी चुरा होता, ते बघून धस्स झालं, पण नवा नट बोटांनी शेवटपर्यंत सुरळीत गेला.

आणि म्हणून गंज सोडवायचा स्प्रे माझ्या गाडीवर वाया गेला. आटे आतून ऑइलमध्येच भिजलेले, तिथे गंज कुठला! मेहुण्याची गाडी मात्र रत्नागिरीत, त्याचा चेंबर पत्र्याचा. खाऱ्या हवेने नटाचं डोकं तपकिरी झालेलं, वायसरभोवती पापुद्रे. तिथे तारेच्या ब्रशने घासून, स्प्रे मारून रात्रभर ठेवलं तेव्हा सकाळी दांड्याला दाद दिली.

सातांपैकी एक हरलो. शेजारच्या काकांच्या गाडीचा नट सुटला तो आटे घेऊनच. नटावर अॅल्युमिनियमची स्प्रिंगसारखी गुंडाळी आली होती. तिथे मी हात वर केले. जाड नट स्वतःच आटे पाडत जातो, तसला मिळतो बाजारात, पण त्याचा चुरा चेंबरमध्ये पडतो आणि पुढच्या वेळी तोही ढिला होतो. फिटरने हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, बसवून दिलं. काका अजून माझ्याकडे जरा तिरकेच बघतात, वास्तविक आटे माझ्या आधीच गेलेले होते.

टॉर्क पान्याबद्दल माझं मत अर्धं-अर्धं आहे. दुकानदार म्हणाला, चाकांच्या नटांनाही चालेल, म्हणून मोठा घेतला. चाकांना (सिटीला १०८) तो झकास आहे. पण ३९ हा आकडा त्याच्या पट्टीच्या अगदी तळाशी येतो आणि असे पाने तळाला तितके भरवशाचे नसतात. पहिल्या वेळी कट ऐकूच आला नाही, अजून आवळणार होतो, बरं झालं थांबलो.

म्हणून घरी परीक्षा घेतली. पान्याचा चौकोन वायसमध्ये (टेबलावरच्या लोखंडी शिकंजात) धरला, पाना आडवा ठेवला आणि चौकोनाच्या मध्यापासून ४० सेंटिमीटरवर, म्हणजे मुठीच्या मधोमध, दहा किलो तांदळाची पिशवी टांगली. दहा किलो गुणिले ४० सेंटिमीटर म्हणजे ३९ न्यूटन मीटर, वर पान्याच्या स्वतःच्या वजनाचे दोन-अडीच. ४०ला लावला तेव्हा वाजला, ४४ला वाजला नाही. एवढं मला पुरे आहे. बायकोने विचारलं, तांदूळ मोजतोयस की पाना? फक्त चेंबरच्या नटासाठी घेणार असाल तर ३/८ इंची, छोट्या पट्टीचा घ्या. काम झालं की स्प्रिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा, आणि त्याने नट सोडवू नका, त्याला दांडा आहे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी माझ्या गाडीला ब्रेकर बार लागलाच नाही. नवा वायसर, ३९ला कट, बस्स. पुढच्या वेळी साध्या रॅचेटने, एका हाताने, चहा थंड व्हायच्या आत नट खाली. गळती थेंबभर नाही. वायसर वीस-तीस रुपयांचा येतो, मी पाच आणून ठेवलेत.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. गाडीखाली झोपून दोन फुटी दांडा ओढला की गाडी हलते. टायर बदलायच्या जॅकवर हे काम करू नका, विटांवर तर मुळीच नाही. गाडी टेकवायचे स्टँड घ्या, मागच्या चाकांना अडण लावा, दोन्ही हातांनी गाडी जोरात हलवून बघा, मगच आत शिरा. काळं ऑइल मी पाच लिटरच्या कॅनमध्ये भरून गॅरेजला देतो, त्यांच्याकडून ते परवानाधारक माणूस उचलतो.

दांड्याचा फिरता सांधा आता थोडा ढिला झालाय, गोटीवरचा काळा लेप एका बाजूने उडालाय, पण धारा अजून शाबूत आहेत. दांड्याची सध्याची स्थिती याहून जास्त सांगता येत नाही, कारण तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ चाकाचा नट निघत नाही म्हणून गणपतीच्या आधी घेऊन गेले आहेत आणि दिवाळी झाली तरी तो तिकडेच आहे.