शनिवार संध्याकाळ की रविवार सकाळ?

सोमवार ते शुक्रवार नोकरी, आणि पिक्चर मात्र थिएटरातच बघायचा, अशा माणसापुढे दोनच वाटा उरतात. शनिवारी संध्याकाळी सहा-सातचा शो, नाहीतर रविवारी सकाळी नऊ-साडेनऊचा. तिसरी वाट म्हणजे दोनेक महिने कळ काढा, घरीच येईल. मी तिन्ही वाटांनी जाऊन आलोय. पडदा केवढा, आवाज कसा, खुर्ची किती मागे जाते हे तुम्ही तिकीट काढताना बघालच. मी फक्त माणसांबद्दल बोलतो, कारण माझे जे काही पिक्चर वाया गेले ते माणसांपायीच.

आधी शनिवारच्या बाजूने, कारण बरीच वर्षं आमचं घर शनिवारवालंच होतं. आठवडा संपलेला असतो, दुसऱ्या दिवशी गजर लावायचा नसतो, जरा बरे कपडे घालून बाहेर पडायचं, पिक्चर, मग बाहेरच जेवण. भरलेल्या थिएटरात विनोदी चित्रपट बघण्याची मजा अर्ध्या रिकाम्या थिएटरात येत नाही, हेही कबूल. गोंगाटाचं मला वावडं नाही. लहानपणी पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या ‘प्रभात’ थिएटरात (आताचं किबे लक्ष्मी) मावश्यांच्या पलटणीबरोबर जायचो तेव्हा शिट्ट्या, हुंदके, ‘अगं मागे बघ, मागे!’ अशा सूचना सगळं चालायचं. पण त्या सगळ्या दंग्याचं तोंड पडद्याकडे असायचं. रडणाऱ्या बाळाबद्दलही माझी तक्रार नाही. आई बिचारी आपणहून उठून दारापाशी उभी राहते. (सेन्सॉरच्या 2024 च्या नियमांनी ‘यूए’चे 7, 13 आणि 16 असे तीन वयोगट केले, पण ती पालकांसाठी सूचना आहे. दारावरचा माणूस त्यावरून कोणाला अडवत नाही.)

माझं मन शनिवारवरून उडालं ते एका फोनमुळे.

दीडेक वर्षापूर्वीची गोष्ट. कोथरूडहून निघालो, पार्किंगच्या उतारावर पंधरा मिनिटं रांगेत काढली, सातच्या शोला कसेबसे पोचलो. रहस्यपट होता. माझ्या पुढच्याच रांगेत, समोरून दुसऱ्या खुर्चीत तिशीचा एक मुलगा. चांगला वाटत होता. राष्ट्रगीताला ताठ उभा होता. पाटी पडली आणि दहा मिनिटांत त्याचा फोन उजळला. एकदा ठीक आहे, माणसाला काम असतं. मग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. जेवायला कुठे जायचं यावर त्याच्या ग्रुपमध्ये मतदान चाललं होतं, आणि ते मला माझ्या जागेवरून वाचता येत होतं. पाचव्या वेळी मी पुढे वाकून म्हटलं, ‘दादा, तेवढा फोन...’

तो अजिबात चिडला नाही. वळला, फोनचा पडदा सरळ माझ्या तोंडासमोर धरला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, ‘सायलेंटवर आहे, काका.’

काका म्हणाला त्याचं वाईट वाटलं, ते सोडा. पण त्याच्या लेखी त्याने सगळे नियम पाळले होते. सुरुवातीच्या पाटीवर फोन सायलेंट करा म्हणतात, त्याने केला होता. उजेडाचाही कोणाला त्रास होतो हे त्याच्या गावीच नव्हतं. भांडखोर माणसाशी भांडता तरी येतं, याच्याशी काय करणार? शेवटी खुनी कोण ते मला कळलं, पण ड्रॉवरमधली किल्ली कोणी काढली तो शॉट मी पाहिलाच नव्हता, त्यामुळे हिने जेवताना सगळं नीट सांगेपर्यंत माझी कथा अर्धीच होती.

घरी येऊन जरा शोधाशोध केली, म्हटलं आपणच जास्त चिडके झालोय का. डिजिटल सिनेमाच्या पडद्याची प्रमाणित चमक 48 निट्स (निट हे चमक मोजायचं एकक) धरलेली असते. साधा फोन सहज चारशे-पाचशेच्या घरात जातो. अंधारात तो आपोआप मंद होतो म्हणतात, होत असेल, पण आपल्या डोळ्यांना अंधार पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि त्यातच हा दिवा पेटतो. शिवाय मल्टिप्लेक्सच्या रांगा चांगल्या पायऱ्या-पायऱ्यांनी चढत जातात. पडदा सगळ्यांना दिसतो, हे उत्तम. पण त्याच न्यायाने वरून खालचा प्रत्येक फोनही दिसतो. ‘प्रभात’मध्ये पुढच्याचं डोकं मध्ये यायचं म्हणून आम्ही कुरकुरायचो. त्या डोक्याचा काही उपयोग होता, हे आत्ता कळतंय.

आणि हे शनिवारी संध्याकाळीच का? माझा आपला अंदाज सांगतो. त्या वेळी आलेला प्रेक्षक पिक्चरला आलेला नसतो, बाहेर पडलेला असतो. खरेदी आणि जेवण यांच्या मध्ये पिक्चर बसवलेला असतो. मित्र वाटेत असतात, टेबल मिळायचं असतं, घरी मुलं कोणाकडे तरी सोडलेली असतात. फोन बघण्यावाचून त्यांना गत्यंतर नसतं. त्यांना नावं ठेवायला मला आवडत नाही. काही वर्षांपूर्वी मीही त्यातलाच असेन.

आता रविवार सकाळ. इथे गंमत अशी की मराठी चित्रपटांना मल्टिप्लेक्समध्ये सकाळ-दुपारचे शो मिळतात म्हणून आपण किती वर्षं भांडतोय. 2015 मध्ये सरकारने प्राइम टाइमला मराठी चित्रपट लावण्याची सक्ती जाहीर केली, तेव्हा प्राइम टाइम म्हणजे संध्याकाळी सहा ते नऊ होता. मग ती व्याख्या ताणून दुपारी बारा ते रात्री नऊ झाली. ते भांडण निर्मात्यांच्या दृष्टीने रास्तच आहे. पण प्रेक्षक म्हणून मला विचाराल तर, दबक्या आवाजात, सकाळच बरी.

कारण रविवारी नऊ वाजता अंघोळ करून थिएटरात येणारा माणूस पिक्चरसाठीच आलेला असतो. त्या वेळी त्याला कोणी फोन करत नाही, सगळे झोपलेले असतात. पार्किंगला रांग नाही, तिकीटही बहुतेक ठिकाणी शनिवारपेक्षा बरंच स्वस्त. नाचोजचा वास नाही. आणि जागा निवडता येते. मी हल्ली पुढून पाचवी-सहावी रांग घेतो. मान जरा वर करावी लागते, पण आपल्यापुढे चार-पाचच रांगा, म्हणजे फोन दिसले तरी तेवढ्याच रांगांचे. मागच्या आठ-दहा वेळांत मला एकदाच कोणाला टोकावं लागलं. याला मोजणी म्हणत नाही, पण मला पुरेसं आहे.

सकाळीही त्रास आहेत, नाहीत असं नाही. प्रेक्षकांत ज्येष्ठ मंडळी बरीच. एखाद्या काकांचा फोन वाजतोच, पूर्ण आवाजात, आणि तो कुठल्या खिशात आहे हे सापडेपर्यंत आरतीची दोन कडवी होतात. पण तो एकदाच वाजतो, काका ओशाळतात, संपलं. गेल्या महिन्यात मागे एक जोडपं होतं. आजोबांना कमी ऐकू येत असावं, दर पाच मिनिटांनी ‘काय म्हणाला?’, आणि आजी संवाद पुन्हा म्हणून दाखवायच्या. पहिली पंधरा मिनिटं मी दात खात होतो. नंतर लक्षात आलं की पुटपुटणाऱ्या नायकाचं निम्मं बोलणं मलाही आजींमुळेच कळतंय. शिवाय त्यांचंही तोंड पडद्याकडेच होतं. हॉलही कधी कधी सकाळी गारठलेला असतो; शाल किंवा पूर्ण बाह्यांचं काहीतरी न्या. आणि मोठ्या नटाचा पिक्चर असेल तर पहिला रविवार टाळाच, सकाळी नऊलाही हाऊसफुल्ल असतं. दुसरा रविवार धरा.

घरी बघण्याबद्दल फार बोलत नाही. हिंदी चित्रपट साधारण आठ आठवड्यांनी ओटीटीवर येतात, आणि तुम्ही एकटे राहत असाल तर तेच उत्तम असेलही. आमच्याकडे मात्र दारावर बेल वाजते, कुकरची तिसरी शिट्टी होते, आणि सगळ्यात आधी फोन हातात घेतो तो मीच. थांबवायची सोय असली की माणूस थांबवतोच. दोन तासांचा पिक्चर आम्ही तीन रात्रींत संपवलाय.

तेव्हा चार-पाच मित्रांचा घोळका असेल, हसायचा पिक्चर असेल आणि जेवण हाच मुख्य कार्यक्रम असेल, तर शनिवार संध्याकाळ घ्या, मजा येईल. बाकी ज्या पिक्चरमध्ये ड्रॉवरमधली किल्ली कोण काढतं हे बघायचं असेल, त्याला रविवारी सकाळी जाऊन बघा एकदा. सव्वाबारापर्यंत सुटता. मिसळ त्या वेळी संपत आलेली असते, पण वाटेवर एक जण आमच्यासाठी दोन प्लेटची तर्री बाजूला काढून ठेवतो.