जुना सोपा, नवं चित्र: कॅनव्हास, ॲक्रिलिक आणि पत्र्यावरच्या प्रिंटची पारख

जुन्या वाड्यासाठी छापील चित्र घ्यायचं तर पॉलिकॉटन कॅनव्हासवरची प्रिंट घ्या. दीड इंच जाडीच्या चौकटीवर ताणलेली आणि फ्लोटर फ्रेममध्ये बसवलेली. ॲल्युमिनियम कॉम्पोझिट शीटवरची, म्हणजे एसीपीवरची प्रिंट दुसऱ्या नंबरावर. चकचकीत ॲक्रिलिक, म्हणजे काचेसारखं प्लास्टिक, सोप्यात (वाड्याच्या पुढच्या ओसरीत) नको आणि पाच तुकड्यांचे सेट वाड्यात कुठेच नकोत. हा क्रम बेळगाव, शहापूर, खानापूर, निपाणीकडच्या माती-चुन्याच्या आणि जांभ्याच्या भिंती धरून लावला आहे. फ्लॅटच्या वीट-सिमेंटच्या भिंतीला तो तसाच लागू होणार नाही.

पाच तुकड्यांचा सेट दुकानातल्या फोटोत छान दिसतो, कारण तिथली भिंत सरळ असते. जुन्या भिंतीला ओळंबा लावून बघा, दहा फुटांत एखादा इंच आत-बाहेर सहज निघतो. मग प्रत्येक तुकडा आपापल्या कलाने टेकतो, मधल्या एकेक इंचाच्या फटी खाली-वर कमीजास्त होतात आणि नजर चित्राऐवजी फटींवरच जाते. शिवाय सोप्यात खांब, कोनाडे, तुळया, खुंट्या यांनी भिंतीचे आधीच तुकडे पडलेले असतात. तिथे एकच मोठं, शांत चित्र हवं. कोरीव चौकटीच्या दाराशेजारी बारीक नक्षीचं चित्र लावलं तर दोन्ही एकमेकांना मारतात. मोठे सपाट रंग, एखादा आकार, मोकळी जागा असलेलं अमूर्त चित्र तिथे शोभतं.

नवं चित्र जुन्या घरात उपरं वाटेल ही भीती बाळगू नये. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि त्याच्या ओलिओग्राफी, म्हणजे तैलचित्रांच्या छापील प्रती, घराघरांतल्या भिंतींवर आल्या, तेव्हा त्याही यंत्रावर छापलेल्या नव्या वस्तूच होत्या.

आता कॅनव्हास. वजन ३४० ते ३८० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) हवं, शाई पिगमेंटची आणि वरचं वॉर्निश मॅट. निव्वळ सुती कॅनव्हास दिसायला उत्तम, पण खानापूर-जांबोटी भागात जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा तो ओढून घेतो, सैल पडतो आणि कोपऱ्यांपासून लाटा उठतात. पॉलिकॉटन कमी सैलावतो. अथणी-रायबागकडे हवा कोरडी असल्यामुळे तिथे सुती चालेल. तिकडचा त्रास धुळीचा. चित्र उघडं असल्याने मऊ कोरडा ब्रश महिन्यातून एकदा फिरवावा, ओलं फडकं लावू नये.

विकत घेताना चित्राची पुढची बाजू सगळेच बघतात. ते पालथं घालून बघा. कोपऱ्यात कापडाची घडी सपाट बसलेली हवी, जाड गाठोडं नको. स्टेपल दीड-दोन इंचांवर असाव्यात. चौकटीच्या आतल्या कोपऱ्यांत लाकडी पाचरींसाठी खाचा असतील तर ती चौकट चांगली, कारण कॅनव्हास सैल झाला की पाचर हलकेच ठोकून पुन्हा ताणता येतो. खिळ्यांनी पक्की ठोकलेली चौकट सैल झाली की कापड उचकटून पुन्हा ताणावं लागतं. कोणतीही बाजू तीन फुटांपेक्षा लांब असेल तर मधे आडवी पट्टी हवीच, नाहीतर चौकट आत ओढली जाऊन कंबर बसते. चौकट सपाट फरशीवर ठेवून चारही कोपरे टेकतात का बघा. एक कोपरा उचललेला असेल तर लाकूड ओलं होतं आणि आता पिळलंय. ती घेऊ नका, भिंतीवर गेल्यावर पीळ वाढतो. मागून हार्डबोर्ड ठोकून बंद केलेली प्रिंटही नको. आत अडकलेल्या दमट हवेने कापडाला पाठीमागून बुरशी धरते.

फ्लोटर फ्रेम म्हणजे आतून एल आकाराची पट्टी. चित्र तिच्यात बसतं, पण कडेला चारही बाजूंनी साधारण ६ मिलिमीटरची फट राहते. वाड्यात ही फट फार कामाची, कारण जड जुन्या लाकडापासून चित्र थोडं सुटं दिसतं. फ्रेमचा रंग जुन्या सागवानाशी जुळवायला जाऊ नका. पिढ्यान् पिढ्यांच्या हातांनी आणि धुराने काळवंडलेल्या लाकडाचा रंग नव्या पॉलिशला येत नाही, नकलीपणा लगेच कळतो. बारीक काळी पट्टी किंवा सरळ फिकं नैसर्गिक लाकूड घ्या. चित्रातला एक रंग मात्र घरात आधीपासून असलेला निवडावा: कौलांचा तांबूस, पितळी समईचा पिवळा, नाहीतर खिडकीच्या जुन्या ऑइलपेंटचा हिरवा. एवढं पुरतं.

एसीपीची ३ मिलिमीटर शीट ओलाव्याने फुगत नाही, तिला वाळवी लागत नाही की कसर. बोर्ड रंगवणाऱ्यांकडे ती मिळते, प्रिंटही तिथेच होते. तोटा एवढाच की कडा धारदार आणि दिसायला थंड. मागे ॲल्युमिनियमची चौकट लावून भिंतीपासून २० मिलिमीटर पुढे आणली तर बरी दिसते. त्याच दुकानात स्वस्त पडतं म्हणून सनबोर्ड (फोमचा हलका बोर्ड) किंवा एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) सुचवतील. सनबोर्ड उन्हाने वाकतो आणि एमडीएफ पहिल्या पावसाळ्यात कडेने फुगतो. दोन्ही टाळा.

ॲक्रिलिकची अडचण उजेडाची. सोपा चौकाकडे किंवा रस्त्याकडे उघडा, त्यामुळे दिवसभर चित्रात समोरचं दारच दिसतं. ओरखडे पटकन पडतात, घासलं की स्थिर विजेने धूळ चिकटते. काचेसाठीचं अमोनियाचं क्लीनर त्यावर मारलं तर बारीक तडे जातात. त्यासाठी मऊ मायक्रोफायबर आणि साधं पाणी पुरेसं आहे. तीन बाय चार फुटांचं ३ मिलिमीटर ॲक्रिलिक साधारण ४ किलोचं, तेवढीच २ मिलिमीटरची काच साडेपाच किलोंच्या वर. अंधाऱ्या माजघरात, समोर खिडकी नसेल तिथे ॲक्रिलिक चालेल.

चित्र कितीही चांगलं असो, खरी परीक्षा टांगताना होते. विक्रेते सोबत देतात ती दाताळी पट्टी, दोन खिळे आणि चिकटपट्ट्या या भिंतींच्या कामाच्या नाहीत. चिकटपट्टी चुन्याला नव्हे, चुन्याच्या वरच्या भुकटीला चिकटते आणि ती भुकटी घेऊन खाली येते. प्लास्टिकचा रावळप्लग मातीत फुलतो, पण मातीच त्याला धरून ठेवत नाही.

आधी बोटाच्या पेराने भिंत ठोकत जा. पोकळ आवाज आला तर तिथला गिलावा सुटलाय, तिथे काही टांगायचं नाही. खाली लोणा लागलेला असेल, म्हणजे पांढरी खारी भुकटी आणि फुगलेला रंग दिसत असेल, तर ओल वर चढतेय. त्या भिंतीवर चित्र नको, आणि सिमेंटचा गिलावा तर त्याहून नको. त्याने ओल आत कोंडते आणि लोणा आणखी वर सरकतो.

जांभ्याच्या भिंतीत ड्रिलचा हॅमर बंद ठेवून ८ मिलिमीटरचं भोक पाडा, गिलावा सोडून दगडात किमान ६० मिलिमीटर खोल. जांभा सच्छिद्र असल्यामुळे हॅमरने भोकाची कड ढासळते आणि प्लग ढिला बसतो. भोकातली लाल भुकटी फुंकून पूर्ण काढा. जड चित्राला जाळीच्या स्लीव्हसकट केमिकल अँकर (भोकात रसायनाने घट्ट चिकटणारा बोल्ट) घ्या, भोक त्या स्लीव्हच्या मापाचं.

मातीच्या भिंतीत जुनी लाकडी गुट्टीच, म्हणजे भिंतीत पुरलेला ठोकळाच, खरी. दोन इंच चौरस, चार इंच खोल खड्डा, आतून थोडा रुंद. त्यात सागवानी गुट्टी रुंद टोक आत करून बसवायची आणि भोवती चुना-वाळू १ ला ३ प्रमाणात भरायची. आठ-दहा दिवस हात लावायचा नाही, मग स्क्रू. सिमेंटने बसवली तर मऊ मातीत कडक गोळा तयार होतो आणि वजन आलं की तो अख्खाच निसटतो. पण भिंतीत मुळातल्या खुंट्या पक्क्या असतील तर खड्डाही कशाला? बेळगावच्या कॅम्पमधल्या जुन्या बंगल्यांत छताखाली चित्रं टांगायची लाकडी पट्टी असते, वाड्यात तुळई असते. तिथून दीड मिलिमीटरच्या स्टीलच्या दोन तारा सोडा. एकाच तारेवर चित्र फिरतं. चित्राच्या मागे डी-रिंग (तार अडकवायच्या कड्या) वरून एक तृतीयांशावर लावा. खालच्या दोन कोपऱ्यांना १० मिलिमीटरचे रबरी बंपर लावा, म्हणजे मागून हवा खेळेल आणि भिंतीचा बाकही झाकला जाईल.

उंचीचं नेहमीचं माप जमिनीपासून चित्राच्या मध्यापर्यंत ५७ ते ६० इंच. गादी-तक्क्याची बैठक असेल तर मध्य ४८ इंचांवर आणा. खाली दिवाण किंवा कोच असेल तर चित्राची रुंदी त्याच्या दोन तृतीयांश, मधे ६ ते ८ इंच मोकळे. दिवा ३००० केल्विनचा, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वर, आणि उभ्या रेषेपासून ३० अंशांत.

आजोबा-पणजोबांचे फोटो नव्या चित्रासाठी उतरवू नका. ते खालून टेकलेले आणि वरून पुढे झुकलेले असतात, उगाच नव्हे. इतक्या उंचीवरचा चेहरा खालून दिसावा म्हणून, आणि त्या झुकण्याने मागे वाराही राहतो. त्यांची ओळ तशीच ठेवा, नवं चित्र समोरच्या भिंतीवर एकटं लावा. फोटो काचेला टेकलेला असेल तर मात्र फ्रेमवाल्याकडून मधे माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घालून घ्या. दमट हवेत फोटोचा जिलेटिनचा थर काचेला चिकटतो आणि काढताना चेहराच काचेवर राहतो. चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकट ठेवा.

छापील चित्रच हवं असा हट्ट नसेल तर इथल्या चित्रकारांकडे जरूर जा. के. बी. कुलकर्णींसारखे चित्रकार-शिक्षक ज्या बेळगावात होऊन गेले तिथे हाताने रंगवलेला कॅनव्हास मिळणं अवघड नाही. त्याला पाचरीची चौकट आणि फ्लोटर वरच्यासारखीच सांगा.

ऑगस्टमध्ये, पावसाची उघडीप बघून, चित्र एकदा खाली उतरवा. मागचं कापड नाकाजवळ धरा. कुबट वास आला तर दोन दिवस सावलीत वाऱ्याला उभं ठेवा, उन्हात नको. भिंतीवर चित्राच्या आकाराचा ओला डाग दिसला तर बंपर दुप्पट जाडीचे लावून मगच ते परत चढवा.